टाकी काठोकाठ भरलेली धर

बाईंना विद्यार्थी पाठीमागे कात्री म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तेवीस जणांच्या तुकडीत प्रत्येकाने पाण्याच्या एकेका टाकीचं डिझाइन करून अहवाल लिहायचा होता, आणि सहा महिने बाईंनी त्या पीडीएफवर शेऱ्यांच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस पाडला होता.

आता विभागाने नवंच खूळ काढलं. अहवालांबरोबर मार्गदर्शकाचे सगळे शेरेही साध्या टेक्स्ट फायलींत हवेत, आणि तेही आज पाचच्या आत. म्हणजे एकेक चिठ्ठी उघडा, मजकूर उचला, दुसरीकडे चिकटवा. पहिल्याच अहवालाच्या नवव्या पानावर बाईंनी हात टेकले आणि ठकीला बोलावलं.

ठकी त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी, आणि त्याच तुकडीतली, सतरा नंबरची. वर्गात तिला सगळे ‘लाडकी’ म्हणून चिडवत. परवाच तिला नोकरीचं पत्र आलं होतं. एक तारखेला रुजू व्हायचं, अट एकच, अहवाल मंजूर झालेला हवा.

ठकीने कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडली आणि चार ओळींची कमांड लिहिली. फोल्डरमधली प्रत्येक पीडीएफ घ्यायची, तिच्यातल्या चिठ्ठ्या पान आणि तारखेसकट बाहेर काढायच्या, आणि त्याच नंबरच्या टेक्स्ट फायलीत टाकायच्या. बाईंचा चष्मा पुसून होईपर्यंत तेवीस फायली तयार होत्या. एवढ्यासाठी आपण सकाळपासून कपाळ बडवत होतो, म्हणून बाई स्वतःलाच हसल्या.

ठकीने फायली आकाराप्रमाणे लावल्या. सगळ्यात वर चार नंबर, दोनशे अकरा शेरे. सगळ्यात खाली सतरा नंबर, नऊ.

“बघ आत्या,” ठकी म्हणाली, “माझ्यात चुकाच कमी.”

बाईंनाही बरं वाटलं. शेवटी रक्त कुणाचं. त्या खुशीतच त्यांना आपला ठेवणीतला शेरा आठवला. दरवर्षी पोरं हटकून एकच घोडचूक करतात, टाकी अर्धीच भरलेली धरून भिंतीची जाडी काढतात. ‘टाकी काठोकाठ भरलेली धर’ हे यंदा किती जणांना सांगावं लागलं, ते त्यांना बघायचं होतं. ठकीने सगळ्या फायलींत ते शब्द शोधले. बावीस. मग गंमत म्हणून तिने उलटं विचारलं, हा शेरा कुठल्या फायलीत नाही? उत्तरात एकच नंबर आला, सतरा. वर्गात आपण एकटीच शहाणी निघालो, असं म्हणून ती हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सतरा नंबरची टेक्स्ट फाइल उघडली. छान. नीटनेटकं. छान. समास सारखा ठेव. छान. हा अहवाल त्यांनी वाचलाच नव्हता, नुसता चाळला होता. आत्याने लिहून दिला असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून ठकीच्या पानांना त्यांनी हातच लावला नव्हता. वर त्यालाच न्याय समजून त्या खुशाल झोपत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी पीडीएफ उघडली आणि भिंतीच्या हिशेबाचं एकतिसावं पान काढलं. टाकीची उंची तीन मीटर. पाणी धरलेलं, दीड मीटर. पुढची साठ पानं, आकृत्या, सळयांचा हिशेब, सगळं त्या दीड मीटरवर उभं होतं. ही टाकी भरली असती तर भिंत फुटली असती. शेजारी ठकीनेही तो आकडा वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पावणेचार वाजले होते. साठ पानं पाचच्या आत नव्याने होणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

“टेक्स्ट फाइलच आहे,” ठकी म्हणाली. “चार महिन्यांपूर्वीची तारीख घालून तो शेरा मी आत घुसवते. लोक म्हणतील, आत्याने सांगितलं होतं, पोरीनेच ऐकलं नाही. माझं जायचं ते गेलंच आहे. तुझं तरी नाव राहील.”

क्षणभर बाईंना ते पटलं. आणि आपल्याला ते पटलं, याचा त्यांना एकतिसाव्या पानापेक्षाही मोठा धक्का बसला.

त्यांनी विभागप्रमुखांना फोन लावला. बावीस अहवाल येतील, सतरा नंबरचा पुढच्या सत्रात येईल, चूक मार्गदर्शकाची आहे, तसं लेखी देते, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. ठकी सगळं ऐकत होती. तिने काळी खिडकी बंद केली.

“वर्गात सगळे मला लाडकी म्हणायचे, आत्या,” ती म्हणाली. “लाडके तर ते बावीस जण होते.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, सतरा नंबरची पीडीएफ पहिल्या पानावर आणली आणि पहिलं वाक्य वाचलं. त्यातही चूक होती.