उणे चार

नाजियाने ॲम्प्लिफायरमधून कीबोर्डची वायर उपटली आणि ती कोपराभोवती गुंडाळायला सुरुवात केली. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. फिनाईलच्या वासाखाली कालच्या दारूचा वास तसाच होता. काउंटरमागे बारमालक मलप्पा गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होते.

"चालू करून बघून ने, माय," ते न वळताच म्हणाले. "नाय तर नांदेडला जाऊन म्हणशील, अप्पानं मोडकाच दिला."

"तसं म्हणायला अब्बाच पाहिजेत."

ऑक्टोपॅडच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमपाशी बसलेला वादक मुनीब हसला.

नाजियाचे अब्बा खाजामियाँ उदगीरच्या या बारमध्ये बारा वर्षं शुक्रवार ते रविवार गायले, याच कीबोर्डमागे उभे राहून. छातीचं दुखणं कळलं तेव्हा हातात जेमतेम पंधरवडा उरला होता. गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा झाला. आज सकाळी नाजियाने त्यांची भाड्याची खोली रिकामी केली. चार शर्ट, दाढीचं सामान, एक स्टोव्ह. त्यात अब्बा कुठेच नव्हते. ते असले तर या कीबोर्डमध्ये असतील, असं तिला वाटत होतं. तो घ्यायचा आणि या जागेचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, एवढं ठरवून ती आली होती.

दर रविवारी सकाळी ते तिला नांदेडला फोन करायचे आणि त्या फोनवर मलप्पांचा उद्धार व्हायचा. "लई चिकट माणूस. गाणाऱ्याचं जेवण किचनच्या मागं, तेबी गिऱ्हाइकाला उरलं तर." हिवाळ्यापासून एक नवीन तक्रार सुरू झाली होती. "आता गाण्याच्या मधीच टीव्ही लावून राहिला. क्रिकेट! मी खुर्चीवर बसतो अन् लोक सिक्सरला टाळ्या देतात." हे सांगताना ते हसायचे. तिला मात्र टीव्हीच्या खाली, हात मांडीवर ठेवून बसलेला म्हातारा दिसायचा.

"आपा," मुनीब म्हणाला, "आजच्या दिवस ठेवता का? शनिवार हाय. लातूरची मंजुश्री येऊन राहिली गायला."

"कीबोर्ड भाड्यानं मिळतो."

"मिळतो की. पण ह्यात खाजाभाईंनी बसवलेले ठेके हायेत. ते कुठून आणू?"

तिने बटण दाबलं. कीबोर्डचा छोटा पडदा निळा झाला आणि त्यावर आकडा उमटला, उणे चार. बंद केला तरी शेवटची पट्टी लक्षात ठेवणारा कीबोर्ड होता तो.

बार उघडताना अब्बा एक धून वाजवायचे. तिला ते 'शटरची धून' म्हणत. ती त्यांनी नाजियालाही शिकवली होती. तिने तीच वाजवली, कीबोर्डच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरवर. बोटं नेहमीच्या जागी पडत होती, पण सूर खालून येत होता, जड, घोगरा. गळा वर पोचेनासा झाला की गाणारे कीबोर्डची पट्टी उतरवून घेतात, हे तिला ठाऊक होतं.

"ही कधी उतरवली?"

मुनीब हातातल्या काठ्यांकडे बघत राहिला.

"दिवाळीत एक उतरली," मलप्पा म्हणाले. "मग संक्रांतीला अजून एक. मग उतरतच गेली. बारा वर्षं तीच गाणी ऐकून राहिलो, मला कळणार न्हाई?"

"मला का नाही कळवलं?"

मलप्पांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं. "तुला ठाऊक असंल असंच धरून चाललो, माय. घरचं माणूस तू."

फोन ठेवताना एखादी ओळ गुणगुणायची अब्बांची सवय होती. हिवाळ्यापासून ते "चहा उतू चालला" म्हणून घाईने फोन ठेवून देत. तिने तेव्हा चहावरच विश्वास ठेवला होता.

"आणि टीव्ही?" तिने विचारलं.

"टीव्हीचं काय?"

"त्यांच्या गाण्याच्या मध्येच लावायचात तुम्ही."

मलप्पांनी एक खुर्ची उतरवून खाली ठेवली, सरळ केली. "दोन गाणी झाली की त्यांना दम लागायचा. गाणारा नुसता बसला की गिऱ्हाईक वरडतं. टीव्ही चालू असला की बसलेला माणूस कुणाला दिसत न्हाई." मग दुसरी खुर्ची उतरवत ते म्हणाले, "धंदा हाय, माय."

बाहेर शटर पूर्ण वर गेल्याचा आवाज आला. मुनीबने चाचरत हात पुढे केला. "आपा, मंजुश्रीला शून्यावर लागतं. दोन्ही बटणं संगट दाबली की एका झटक्यात—"

"थांब. मी आणते शून्यावर."

कोपराभोवतीची वायर तिने सोडली आणि ॲम्प्लिफायरमध्ये परत खोचली. धून वाजवली. एक पट्टी चढवली. पुन्हा तीच धून वाजवली. पुन्हा एक पट्टी. प्रत्येक वेळी घोगरेपणा थोडा उतरत होता, कुणीतरी जिना चढून वर येत असल्यासारखं. शेवटच्या वेळी पडद्यावरचा उणे गेला आणि सूर आपल्या जागेवर आला. शाळेच्या दिवसांत अब्बा घरी रियाजाला बसले की सकाळी तिला जाग यायची, ती या आवाजाने.

दुसऱ्या ओळीवर तिची बोटं थांबली. ती तिथल्याच खुर्चीवर बसली आणि तिने ओढणी तोंडावर धरली.

दारातून दोन गिऱ्हाइकं आत आली आणि समोर बसलेल्या बाईकडे बघत उभी राहिली.

मलप्पांनी काउंटरवरचा रिमोट उचलला आणि टीव्ही चालू केला.