हंडा उतरव

"डबा वाजीव आधी," आई म्हणाली.

मी डब्याच्या बुडावर चापट मारली. आतनं पोकळ आवाज आला. गोडेतेलाचा रिकामा डबा, तोंडाला पत्र्याचा तुकडा लावून, कथलाचा डाग देऊन बंद केलेला. आईनं तो पाठीवर घेतला, जुन्या लुगड्याच्या धडप्यानं पोटाशी आवळला, काष्टा पुन्हा एकदा चाचपला आणि घाटाच्या पायऱ्या उतरायला लागली.

धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले.

"आगं बया! पाठीवर पोरगं बांधून कुठं निघाली ही? झाशीला?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. आई कंबरभर पाण्यात गेली, तशी तिच्या भोवतीनं पाणी पिवळं व्हायला लागलं. ती हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायची. दिवसभर धुरळ्यात बसायची. हळद तिच्या नखांत, कानामागं, पापण्यांत, लुगड्याच्या प्रत्येक धाग्यात.

"फोडणी बसली गं कृष्णामाईला!" दुसरी ओरडली. "आता मीठ तेवढं टाका!"

मला राग यायला वेळ लागत नाही. शाळा त्याच पायी सुटली, पण ते राहू दे. मी पायरीवरचा खडा उचलला.

"क्रांते, ठेव खाली," आई वळून न बघताच म्हणाली. "त्यांचं बी खरंच हाय. रंग बघ की कसा सुटलाय."

आई अडतीस-चाळीसची. तिला पोहायला शिकायचं होतं.

शिकवणारी बयाबाई. पलीकडच्या सांगलवाडीची. नवरा नाव चालवायचा, आणि ही जन्मापासनं पाण्यात. आवाज असा, की ह्या काठावरनं हाक मारली तर त्या काठावरचं कुत्रं उठून बसायचं. आईची आणि तिची ओळख बाजारात झाली. ही हळद निवडणारी, ती मासळी विकणारी. बोलता बोलता आई म्हणून गेली, "मला पवायला शिकीव की." बयाबाईला वाटलं चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन हजर.

आमचं मूळ गाव औंधाजवळ. यमाईचा डोंगर दिसतो, पण पाणी दिसत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली धरली, तेव्हा मी लहान होते. आई पहिल्यांदा पुलावर आली आणि कठडा धरून उभीच राहिली म्हणे. "एवढं पाणी? आन् ह्याला कोन वाली न्हाई?" असं तिनं आबांना विचारलं होतं. आबा ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे आणि हसायचे.

पोहायचं खूळ कुठनं आलं, ते मात्र तिनं मला एकटीलाच सांगितलं. वखारीतनं घरी येताना, चालता चालता.

"गावच्या हिरीवर आमाला उतराय न्हवतं. माज्या म्हायेरची गोष्ट. मी तुज्याहून बारकी. लांब घागर ठिवायची आन् हुबं ऱ्हायाचं. कुनी वतलं तर वतलं. हिरीत पाटलाच्या पोरी भोपळा बांधून पवायच्या. मी आपली बघत बसायची. येकदा येकीनं वरनं मुटका मारला. पानी उडालं ते माज्या तोंडावर. गार. लय ग्वाड वाटलं बघ."

"मग? कोण काही बोललं?"

"उडालेल्या पान्याला कोन काय बोलनार?"

मला त्या विहिरीचं नाव-गाव पाहिजे होतं. जाऊन तिच्यात दगड घालावेत असं वाटलं. आई म्हणाली, "हीर कवाच आटली. चल बिगीबिगी, भाकरी टाकायची हाय."

शिकणं काही पुढं सरकेना. डब्यानं ती तरंगायची, हातही मारायची, पण पाय खाली आणि तोंड वर. पाण्यात उभी राहून चालल्यासारखी.

"मान सोड गं!" बयाबाई बोंबलायची. "बायडे, डोस्क्यावर हंडा हाय का तुज्या?"

बाया खदखदल्या. मी मात्र हसले नाही. कारण ते खरं होतं. आईची मान पाण्यातही तशीच होती, उन्हातनं दोन घागरी आणताना असते तशी. जरा कलली तर सांडेल. तिच्या टाळूवर, चुंबळ ठेवायच्या जागी, केस विरळ झालेले. मी ते रोज बघायची, पण तिथं बघितलं तेव्हा वेगळं वाटलं.

बयाबाईनं तिच्या मानेवर अंगठा रोवला. "लोखंड हाय हे लोखंड. बुडनार न्हाई तर काय. हंडा उतरव आन् तोंड पान्यात घाल."

"तोंड घातलं की घाबरं हुतंय."

"जीव गेला तरी आदी मान सोड, मग मर."

आबांना हे काहीच पसंत नव्हतं. पोत्यांची थप्पी अंगावर ढासळल्यापासनं त्यांची पाठ गेली होती. ओझं उचलणं बंद. दिवसभर खोपटात बसून बसून जीभ तेवढी धारदार झालेली.

"गडीमानसं हुबी असत्यात घाटावर. आन् ही म्हातारपनी बेडूक हुनार."

"आवं, बेडकाला कुनी काय म्हनत न्हाई," आई भाकरी थापत म्हणाली.

"जयंती झाली की गावाकडं जायचंय. तिथं कुठं पवशील? परातीत?"

आईचा हात थांबला. जायचं ठरलं होतंच. आबांच्या पाठीला सांगलीत काम नव्हतं, आणि आईच्या एकटीच्या हाजरीवर भागत नव्हतं. गावाकडं निदान घर होतं. पण ते असं तोंडावर आलेलं तिनं ऐकलं नव्हतं बहुतेक.

"मग त्याच्या आदी पल्याड जाऊन येते," ती म्हणाली.

"कुठं पल्याड?"

"नदीच्या."

आबा हसले. मग पाठीत कळ आली म्हणून थांबले. "मी काय बघाय येनार न्हाई. आदीच सांगतो."

जयंतीच्या आदल्या सकाळी आम्ही घाटावर गेलो. वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या, पोरं रात्रभर जागी होती. नदी उन्हाळ्याची, बंधाऱ्यानं अडवलेली, गच्च आणि शांत. बयाबाईनं नवऱ्याची नाव घेतली होती. मला पुढं बसवलं. "तू गप बसायचं. वरडलीस तर तुलाच टाकीन."

आई पाण्यात उतरली. त्या दिवशी धुणं धुणाऱ्या बायांनी हातातले पिळे खाली ठेवले. झाशीची थट्टा करणारी तर उठून उभी राहिली.

निम्म्यापर्यंत बरं चाललं. आई हात मारत होती, मान ताठ, नजर पलीकडच्या झाडावर. आम्ही बाजूनं. मग मला आवाज आला. गुडगुड. गुडगुड. डब्याच्या कडेनं बुडबुडे येत होते. डाग सुटला होता.

"मावशी, डबा!"

डबा एका अंगाला कलला, त्याच्याबरोबर आईही. आता तो तिला वर धरत नव्हता, खाली ओढत होता. बयाबाईनं वल्हं पुढं केलं.

"धर, बायडे! धर वल्हं!"

आईनं वल्ह्याकडं बघितलं. हात केला असता तर पोचला असता. तिनं केला नाही.

"न्हाई धरनार."

"आगं मरशील की रांडं!"

आईचे दोन्ही हात पाण्याखाली गेले. तिथं काय चाललंय ते दिसेना. मग गाठ सुटली असावी, कारण डबा एकदा वर आला, उलटा झाला आणि गेला. आई तेवढी राहिली. सरळ उभी, तोंड आभाळाकडं, हनुवटीपर्यंत पाणी. मग ओठापर्यंत. मान तशीच. काही झालं तरी सांडू द्यायचं नाही, अशी.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. मी नावेत उभी राहिले, नाव डुचमळली, आणि मी गळा फाटेस्तोवर ओरडले.

"आये, हंडा टाक! पडू दे! फुटू दे त्याला! मी आनीन भरून!"

तिनं माझ्याकडं बघितलं. आणि तोंड पाण्यात घातलं.

क्षणभर नुसता अंबाडा दिसला. मग पाठीमागं काहीतरी वर आलं. तिचे पाय. पिवळट तळवे, भेगा पडलेले, पहिल्यांदाच पाण्याच्या वर. ते आपटायला लागले. फाट, फाट, फाट. पाणी इतकं उडालं की नावेत मी भिजले, बयाबाई भिजली. पोहणं असं काही दिसायला चांगलं नव्हतं. म्हशीचं रेडकू बरं पोहतं. पण ती पुढं जात होती.

बयाबाई वल्हवायची विसरली होती. "हाय का न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. "हाय का न्हाई."

पलीकडं आईचे गुडघे चिखलाला लागले तेव्हा ती तशीच चार पावलं रांगत गेली आणि बसली. धापा टाकत होती. ओंजळ केली नाही. खाली वाकली आणि नदीला तोंड लावून पाणी प्याली, गुरांसारखी, पोटभर.

वर बाभळीखाली कुणीतरी बसलं होतं. काखेत सुकं लुगडं, जवळ किटली. आबा. अख्खा पूल ओलांडून आले होते, त्या पाठीनं. मधे किती ठिकाणी टेकले असतील कोण जाणे.

आईनं वर बघितलं. आबांनी तिच्याकडं बघितलं नाही, लुगड्याची घडी तेवढी पुढं केली.

"किती वाढूळ लावलीस," ते म्हणाले. "च्या गार झाला."

"डबा गेला वो," आई म्हणाली. "पीठ ठेवायला केला असता."

"जाऊ दे की. तिकडं कुठं एवढं पीठ हाय."

मग दोघंही हसली. आबा पाठ धरून, आई चिखलात. घरी जाताना आबांनी तिला नावेतनं जा म्हटलं, पण ती त्यांच्याबरोबर पुलावरनंच चालत आली. पुलाच्या मध्यावर थांबून तिनं खाली बघितलं. "हितनं बघितलं तर लईच लांब हाय की," म्हणाली.

त्याला आता वर्ष झालं. आम्ही गावाकडं आहोत. आईच्या नखांतली हळद गेली. हातपंप मार्चलाच कोरडा पडला, पाणी टँकरनं येतं. आई चुंबळ डोक्यावर ठेवते, वर हंडा, आणि मान ताठ करून येते. एक थेंब सांडत नाही.

परवा दुपारी ती जेवून जरा आडवी झाली होती. पालथी, तोंड हातावर टाकून. आबा दाराशी वाकळेवर बसलेले. मी आत आले तर आईचे पाय हलत होते. झोपेतच. एक वर, एक खाली, मग पुन्हा. हळू. मान एका बाजूला पार सैल पडलेली.

बाहेर भोंगा वाजला. बाया पळायला लागल्या, कळशांचा खडखडाट झाला. शेजारची मनुबाई दारातनं ओरडणार, "ए बायडे, टँकर आला," तेवढ्यात आबांनी तिच्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं.

मी आईला उठवायला वाकले होते. आबा हळूच म्हणाले,

"थांब. अजून निम्म्यात हाय ती."

मी कोपऱ्यातला हंडा उचलला, वाजू न देता, आणि खुंटीवरची चुंबळ घेऊन बाहेर पडले.