डावे हात

फळ्यावर यकृत काढता काढता बुरुलचाबाईंच्या हातातला खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्यांनी आकृती कशीबशी पुरी केली, खाली ‘दूषित पाणी आणि कावीळ’ असं लिहिलं आणि वर्गाकडे वळल्या.

"हा आजार शरीरात शिरतो कसा? कोण सांगेल?"

नववीच्या वर्गातले झाडून सगळे हात वर गेले. मागच्या बाकावर बसलेले जिल्ह्याचे साहेब खूश झाले. त्यांच्या शेजारी पांढरी किरगीझ टोपी घातलेले मुख्याध्यापक तोक्तोसून, जणू उत्तर आपणच देणार आहोत अशा थाटात हसले.

बाईंनी मात्र फक्त उजवे हात पाहिले. पाहुण्यांसमोर घ्यायच्या खुल्या तासाची ही युक्ती काही आजची नव्हे. बाई स्वतः शाळेत शिकत होत्या तेव्हा त्यांच्या बाईंनीही ती अशीच घोटून घेतली होती. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा, पण हात वर गेलाच पाहिजे. पाहुण्याला काय, सगळा वर्ग हुशार दिसतो. डाव्या हाताला कधी उठवायचं नाही, हा मुलांना दिलेला शब्द.

"सांग, एल्दियार."

एल्दियारनं धडाधड सांगितलं: उघडा पाट, पाटावर येणारी गुरं, काठावरचे संडास, न उकळलेलं पाणी.

तास छान रंगला होता, तरी बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीजवळची झिरगालची जागा रिकामी होती. जर्दाळू उतरवून झाले आणि गावात कावीळ शिरली ती शिरलीच. कालच त्या पोराला बघून आल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे, उठून बसायचीसुद्धा ताकद नाही. गावात वसंतात नवे नळ बसले, आणि बसले ते कोरडे बसलेच. पाटाचं पाणी बादलीत धरायचं, गाळ खाली बसला की प्यायचं, हेच अजून चालू होतं. शाळा, दवाखाने, पाणी, सगळं या साहेबांच्याच हाताखाली. जेवण झालं की ते नळाच्या कामावर शेवटची सही करणार होते. ती झाली की ठेकेदार मोकळा आणि गाव पाटाच्याच पाण्यावर. ठेकेदार कोण, तर तोक्तोसूनांचा जावई.

सकाळी तोक्तोसून शाळेच्या दारातच म्हणाले होते, "बुरुलचा, तास घे, भाषण देऊ नकोस. घरी मेंढा शिजतोय. नळाचं मी बघतो."

"कधी बघणार, दादा?"

"बघतो म्हटलं ना. पुढच्या वर्षीचे तास कुणाला द्यायचे तेही मलाच बघायचंय."

एल्दियारचं उत्तर संपलं तसे मागच्या बाकावरून साहेब उठून उभे राहिले. "मुलं तयार आहेत हं तुमची. आता एक प्रश्न माझा. गावात नवे नळ आलेत. ज्यांच्या घरी नळाला पाणी येतं, त्यांनी हात वर करा बघू."

तोक्तोसून खाकरले. हा प्रश्न कुणी घोकून घेतला नव्हता. मुलांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले.

"वा, शंभर टक्के," साहेब म्हणाले आणि दाराकडे वळले.

सगळे डावे होते.

बाईंनी ते पाहिलं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुढच्या वर्षीचे तास वाचले असते, मुलांना दिलेला शब्दही राहिला असता. भीती वाटली त्यांना.

"आयझिरेक," त्या म्हणाल्या, "ऊठ, तू सांग."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. हात तसाच वर ठेवून ती उठली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "माझा डावा आहे."

साहेब दारातच थांबले. "डावा म्हणजे?"

"डावखुरी आहे हो पोरगी," तोक्तोसून म्हणाले. "चला, जेवण निवतंय."

साहेबांनी वर्गावरून नजर फिरवली. "सगळा वर्गच डावखुरा आहे?"

कुणी हात खाली घेईना. बाईंनी खडूचे हात स्कर्टला पुसले.

"डावा म्हणजे उत्तर येत नाही, साहेब. ही लबाडी मी शिकवली त्यांना, तुम्हाला दाखवायला. पोरांना काही बोलू नका." मग त्या मुलांकडे वळल्या. "हात खाली घ्या रे. आयझिरेक, आता कुठला हात ते विसर. तुमच्या नळाला पाणी येतं का?"

आयझिरेकनं तोक्तोसूनांकडे पाहिलं नाही. परीक्षेत आठवावं तसं तिनं नीट आठवून पाहिलं.

"आलं होतं की, बाई," ती म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी."