अर्धा टक्का

गुरुवार, १ नोव्हेंबर १९५१. बँक दर : ३ टक्के.

"बाबूजी, पोंछते काहे हैं? वही तीन तो फिर लिखना है!"

"दरबानजी, कल नहाये थे, तो आज नहीं नहाओगे?"

दरबान मिशीत हसला. श्रीकांत हर्डीकरांनी ओल्या फडक्याने फळा पुसला, वाळू दिला, आणि खडूने पुन्हा तोच आकडा काढला. वरचा बाक गोल, खालचा जरा मोठा. स्टुलावरून उतरून दोन पावले मागे जाऊन पाहिला. झाले.

देशाची मोठी बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते, तो हा दर. दर गुरुवारी मुंबईहून तार यायची, आणि कलकत्त्यात लाल दिघी तळ्याजवळच्या या कचेरीत अकरा वाजता हर्डीकर तो फळ्यावर चढवायचे. सोळा वर्षे. लढाई झाली, दुष्काळात माणसे फुटपाथवर मेली, दंगे झाले, देश स्वतंत्र झाला, फळ्यावर तीन. बडाबाजारातले लोक त्यांना तीनबाबू म्हणत. हर्डीकरांना ते मनातून आवडायचे. माणसाला कशावरून तरी ओळखले म्हणजे झाले.

गुरुवार, ८ नोव्हेंबर. बँक दर : ३ टक्के.

त्या सकाळी हर्डीकरांच्या लेकीला, हेमाला, तेहेतिसावी सुई टोचली.

"हात कडक झाली," चारुदत्त म्हणाला.

"झाली नाही, झाला!" उशीत तोंड खुपसून हेमा ओरडली. "आई गं! आधी मराठी शिका, मग टोचा."

चारुदत्त कंपाउंडर जन्माने कलकत्त्याचा. त्याची मराठी बंगालीत भिजलेली होती. कालीघाटच्या हर्डीकरांच्या दोन खोल्यांत तो रोज पायी यायचा, टोचायचे पैसे घ्यायचा नाही. सायकलसाठी साठवतोय, असे तीन वर्षे सांगत होता. हेमाला खोकल्याआधी हसू यायचे ते त्याच्यामुळेच.

तो गेला की हेमाची आई कालिंदी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. तेहेतीस रेघा. डॉक्टरांनी क्षयावर नव्वद सुया सांगितल्या होत्या, एक दिवसही न चुकवता. "मध्ये खंड पडला तर रोग औषधाला जुमानत नाही. मग ते पुन्हा सुरू करूनही उपयोग नाही," ते हर्डीकरांना बाजूला घेऊन म्हणाले होते.

घरात तेरा कुप्या उरल्या होत्या. देवाच्या फळीवरच्या डब्यात आणखी पंचविसांपुरते पैसे. म्हणजे झालेल्या तेहेतीस धरून एकाहत्तर. एकोणीस कमी. ट्राममध्ये, फळ्यासमोर, जेवताना हर्डीकरांच्या डोक्यात हे एकोणीस टकटकत राहायचे. पगारातून भागेल तेवढे भागवून झाले होते. उसने मागण्यासारखी दारेही संपली होती.

संध्याकाळी ते बडाबाजारात श्यामसुंदरच्या गादीवर गेले. डबा धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला.

पावसाळ्यात श्यामसुंदर पावसावर पैजा घ्यायचा. गच्चीचे पन्हाळ दुपारपर्यंत वाहील की नाही वाहील. पाऊस सरला की त्याला काहीतरी नवे लागे. यंदा बाजारात कुजबूज होती, की बँक दर वाढवणार. त्याने लगेच पैज लावली : तीन की साडेतीन? येत्या गुरुवारी निकाल. दोन्हीकडे दामदुप्पट.

"आइये, तीनबाबू! आप भी?" तो लोडावरून अर्धा उठला. "साहब लोग क्या बोलते हैं?"

"मुझे कुछ नहीं मालूम. मैं तो सिर्फ लिखता हूँ."

हे अगदी खरे होते. साहेब त्यांच्याशी "फळा झाला का?" याच्यापलीकडे बोलत नसत. पण खोल कुठेतरी हर्डीकरांना वाटत होते, आपल्याला ठाऊक आहे. कापडाच्या गाठी मोजणाऱ्यांना काय कळणार? तो आकडा त्यांच्या मनगटात बसला होता. सोळा वर्षांत त्या मनगटाने कधी दुसरा काढला नव्हता, मग आताच काय म्हणून?

"तीन पर," ते म्हणाले आणि डबा पुढे सरकवला.

श्यामसुंदरने पैसे न मोजताच खाली ठेवले. मग मान वळवून गल्लीत आवाज दिला, "अरे सुनो! तीनबाबू ने तीन पर लगाया है!"

त्या ओरडण्याचा अर्थ हर्डीकरांच्या ध्यानात आला नाही. सन्मान झाल्यासारखा वाटला, एवढेच. दोन दिवसांत निम्म्या बाजाराने तीनावर पैसे लावले. बँकेचाच माणूस लावतोय, मग काय!

गुरुवार, १५ नोव्हेंबर. बँक दर :

हर्डीकर फळा पुसून, वाळायची वाट पाहत उभे होते. साहेब स्वतः बाहेर आले. असे कधी होत नसे. हातात तार.

"साडेतीन," साहेब म्हणाले.

"हो सर," असे म्हणून हर्डीकर स्टुलावर चढले आणि तीन काढला. गोल बाक, मोठा बाक. उतरू लागले.

"हर्डीकर, साडे-तीन."

"हो सर."

अर्धा कसा काढायचा? वर एक, मधे रेघ, खाली दोन. त्यासाठी जागाच ठेवली नव्हती. आकडा फळ्याच्या अगदी मधोमध बसला होता. त्यांनी तीनाच्या कुशीत एक बारीकसा अर्धा खुपसला. तो काही चांगला आला नाही. मागे हॉलमध्ये कोणीतरी पळत सुटले, मग दुसरे. दारातून बडाबाजाराकडे निघालेल्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता.

"खडू ठेवा आता," साहेब म्हणाले. हर्डीकरांनी खडू मुठीत घट्ट धरला होता. त्याची पूड झाली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

चारुदत्त जिन्याखाली उभा होता.

"काका, ऐकला."

"हं."

"मी पण लावला होता. सायकलची सगळी." तो कसनुसा हसला. "लोक म्हणाले, तीनबाबू लावलेत. मी म्हटला, आपले काका! काकांना नाही माहीत तर कोणाला?"

"मला काही माहीत नव्हतं रे."

"ते आता समजली."

"मी तुझं..."

"माझी सोडा, काका. पायांनी येतो तसा येणार. हेमाची?"

"सहा आहेत घरात."

"पहिली तारखेला पगार झाली की..."

"दहा दिवसांचा खंड पडतो, चारू. डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे."

वरून कालिंदीने हाक मारली, "अहो, आलात का? चहा गार होतोय!"

गुरुवार, २२ नोव्हेंबर.

सहावी कुपी काल संपली होती.

कालिंदीला हे ठाऊक नव्हते. पैशाचे आणि औषधाचे तुम्ही बघा, मी माझ्या रेघा ओढते, अशी तिची वाटणी. तिने नेहमीप्रमाणे सुई उकळायला पाणी ठेवले. हेमा बाही वर करून खिडकीत बसली होती. दंड एवढासा झाला होता.

चारुदत्त आला. हर्डीकरांना वाटले होते, येणार नाही. पिशवीतून त्याने एक कुपी काढली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. दोघांची नजरानजर झाली.

"मिठाची पाणी," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "दुसरा काय देऊ, काका?"

हर्डीकरांनी दाराकडे पाहिले. एका शब्दाने हे थांबवता आले असते.

चारुदत्तने सुई भरली, टोचली, कापूस दाबला. "झाली. सत्तेचाळीस."

"झालं," हेमा सवयीने म्हणाली. मग तिने मान वळवून दंडाकडे पाहिले. नवल वाटल्यासारखी जरा हसली. "आज दुखलं नाही हो, बाबा."

"बघा!" कालिंदी आतून म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी? उतार पडतोय."

हर्डीकरांनी छत्री घेतली. अकराच्या आत फळा पुसून पुन्हा लिहायचा होता. चपला घालताना त्यांना स्वयंपाकघर दिसत होते. कालिंदीने कोळसा उचलला आणि भिंतीवर सत्तेचाळिसावी रेघ ओढली. आधीच्या शेहेचाळिसांसारखीच, सरळ.