मैनेची उजवी बाजू

लोणीच्या गेणभाऊंनी मरण्याआधी मृत्युपत्रात एक मेख मारून ठेवली होती. त्यांची घोडी मैना जिवंत आहे तोवर तिला सांभाळायला धाकटा मुलगा रामनाथ मळ्यातल्या दोन खोल्यांत राहील. पुढे सगळं थोरल्या गोकुळचं. घोडी तेव्हा एकवीस वर्षांची. फार तर दोन-तीन वर्षं, असं म्हणून गोकुळ गप्प बसला.

मैनेने त्याचा अंदाज धुळीला मिळवला. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे पळणारी घोडी ती. महाळुंगे पडवळच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, तिच्या मागे बैल अक्षरशः उधळायचे आणि तिच्या पाठीवर रामनाथ असायचा. आता ती चौतीस वर्षांची झाली. दात झिजले, दोन्ही डोळे गेले, पाठीला झोळ पडला, पण बाईसाहेब काही जायचं नाव घेईनात. गोकुळला तिची चीड यायची, आणि रोज सकाळी ती उभी दिसली की त्याच्या अंगावर काटाही यायचा.

मधल्या काळात रामनाथची नूतन झाली. स्त्री असल्याचं कलेक्टरचं प्रमाणपत्र, आधार, सगळं नव्या नावाचं. गोकुळला आयतं कोलीत मिळालं. त्याने घोडेगावच्या कोर्टात दावा ठोकला: मृत्युपत्रातला रामनाथ आता नाही, खोल्यांत राहते ती परकी बाई, आणि घोडीही जुनी मैना नव्हे, इतकी वर्षं कुठलं घोडं जगतं? दावा टिकला असता तर नूतनला मैनेसकट रस्त्यावर यावं लागलं असतं.

कोर्टाने पाहणीला वकील प्रतिभाताईंना आणि जनावरांच्या डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टरांनी घोडीचं तोंड उघडून एकेक दात तपासला. मग म्हणाले, तिशी केव्हाच उलटलीय, माझ्या नोकरीत असं जनावर मी पाहिलं नाही.

तेवढ्यात नूतन भिजवलेल्या भरड्याचं घमेलं घेऊन आली. तिने जिभेने टक् टक् केलं. आंधळ्या मैनेने मान उचलली. थरथरत्या पायांवर ती जागच्या जागी वळू लागली, थांबली, पुन्हा वळली, आणि उजवी बाजू पुढे करून उभी राहिली.

गोकुळ एक पाऊल पुढे आला. सगळे स्वार डाव्या बाजूने चढतात. रामनाथ उजवीकडून चढायचा, कारण त्याचा डावा गुडघा वाकत नव्हता. लहानपणी कडब्याच्या गंजीवरून त्याला गोकुळनेच ढकललं होतं, आणि रामनाथने ते बापाला कधी सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांत मैनेवर कुणी बसलं नव्हतं, तरी ती विसरली नव्हती.

प्रतिभाताईंनी गोकुळला विचारलं, जबाबात काय लिहू? ओळख पटल्याचं एकदा लिहिलं की दावा संपेल, हेही त्यांनी बजावलं.

"लिवा," गोकुळ म्हणाला. "घोडी आमची मैनाच हाय. आन् रामनाथ व्हता, ती हीच. माझी बहीण."

पाहुणे गेल्यावर तो नूतनजवळ घुटमळला. "मैना गेली तरी तू हितनं जायचं न्हाई," तो म्हणाला.

नूतनने मैनेच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आदी तिला पाणी दे, दादा."

गोकुळने बादली भरून आणली आणि तो मैनेच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.