बर्फाच्या काठावरचे कव्हर

मी एक जुने लाल कव्हर आहे. मित्रांनो, बर्फावर नाचणाऱ्या मुलींच्या बुटांना खाली पोलादाचे पाते असते. जमिनीवरून चालताना त्या पात्याची धार जाऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे जाड म्यान चढवतात. ते म्यान म्हणजे मी. मी डाव्या पायाचे. माझा जोडीदार उजव्या पायाचा.

आमचा जन्म साच्यात झाला. बाहेर पडलो तेव्हा अजून कोमट होतो. कारखान्यातल्या बाईने आमच्या कडा तासल्या आणि आम्हाला एका पिशवीत घातले. पुढे एका आत्याने आम्हाला दुकानातून उचलले, आपल्या भाचीसाठी. भाची आठ वर्षांची होती. घरातल्या फरशीवर मोजे घालून ती सारखी गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

बूट घालायच्या खोलीपासून बर्फाच्या मैदानाच्या फाटकापर्यंत बावीस पावले होती. ती बावीस पावले आमची. टाक टाक करत आम्ही तिला फाटकापाशी नेत असू. तिथे ती उजवे कव्हर काढी. आत्या हात पुढे करून म्हणे, "आण." मग ती डावे काढी. आत्या पुन्हा म्हणे, "आण." हे रोजचे होते. मग आत्या आम्हाला कठड्यावर ठेवी आणि भिंगरी आम्हाला बंदी असलेल्या जागी निघून जाई.

कठड्यावरून मी बर्फ बघत राही. सकाळी त्यावर पातळ धुके असे. भिंगरी त्या धुक्यात शिरली की आधी तिचे पाय दिसेनासे होत, आणि कमरेपासून वरची मुलगी तेवढी तरंगत फिरे. मागे पांढऱ्यावर पांढरी रेघ उमटत जाई. मी सिमेंट ओळखत होते, रबराची चटई ओळखत होते, गाडीतली धूळही ओळखत होते. बर्फ कसा लागतो, ते मात्र मला ठाऊक नव्हते. एकदा तरी लागावा, असे फार वाटे.

सुरुवातीला माझ्या हातून एक नुकसानही झाले. एका संध्याकाळी भिंगरीने ओली पाती तशीच आमच्यात खुपसली. सकाळी पात्यांवर तांबडे ठिपके होते. आत्या कडाडली, "लोखंड आहे ते! भिजत घालायचं कापड आहे का?" तेव्हापासून पाते पुसण्यासाठी एक जुना टॉवेल पिशवीत आला.

भिंगरी अकरा वर्षांची झाली तेव्हाची स्पर्धा मला आठवते. आदल्या वर्षी ती दोनदा पडली होती. एकदा पडून उठेपर्यंत गाणे पुढे निघून गेले आणि उरलेला नाच तिने गाण्याच्या मागे धावत केला. "यंदा मला नंबर नको," ती आत्याला म्हणाली होती. "अडीच मिनिटं न पडता उभी राहिले तरी पुरे."

तयारी चार महिने चालली. बाहेरच्या बोळात ती आम्हाला घालूनच गाण्याच्या तालावर पावले मोजी. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज कठड्याला आपटून परत येई. "हात असे काय धरलेस? वाळत घातलेत का?" किंवा, "उडी मारायच्या आधी घाबरतेस आणि मग उडतेस. आधी उड, मग घरी जाऊन निवांत घाबर." आत्या बाकावर बसून निळ्या झग्याला मणी शिवत असे. एकही सुटा राहू नये म्हणून प्रत्येक मणी ओढून बघे, कारण बर्फावर पडलेला मणी पात्याखाली आला तर मुलगी आडवी होते. स्पर्धेच्या तीन दिवस आधी पात्यांना धार लावली. अगदी ताजी धार बर्फाला फार पकडते, म्हणून ती तीन दिवसांत जरा मवाळ करून घ्यायची.

सगळे ठरल्याप्रमाणे झाले. चुकले ते एकच.

नाचाआधी सरावाला सहा मिनिटे मिळतात. त्याच वेळी आत्याला गाण्याची पेन ड्राइव्ह वरच्या खोलीत नेऊन द्यावी लागली. फाटक उघडले. भिंगरीने उजवे कव्हर काढले आणि सवयीने हात पुढे केला. घ्यायला कोणी नव्हते. मागच्या मुली ढकलत होत्या. तिने ते कठड्यावर ठेवले आणि ती निघाली. पहिले "आण" आले नाही, म्हणून दुसरेही आले नाही. मी पायातच राहिले.

मित्रांनो, खरे सांगते. बर्फ लागला त्या क्षणी मला आनंद झाला. तो काचेहून गुळगुळीत होता आणि त्याने मला मुळीच थारा दिला नाही. दुसऱ्याच क्षणी भिंगरी कमरेवर आपटली. प्रेक्षकांत कोणीतरी हसले. तिने मला ओढून काढले आणि कठड्यावर भिरकावले. उरलेली मिनिटे ती काठाने नुसती फिरत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी नाही जात. मी परत पडणार."

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "पडायचा कार्यक्रम झाला आज. दुसरा प्रयोग ठेवलेला नाही. आता फक्त नाच शिल्लक आहे."

धापा टाकत आत्या आली. काय झाले ते कळताच तिचा चेहरा उतरला. "ते पडणं माझ्या नावावर लिही," ती म्हणाली. "तुझी पाटी कोरी."

नाव पुकारले गेले. फाटकापाशी आत्याने हात पुढे केला. "आण." मग जरा मोठ्याने, "आण."

ती अडीच मिनिटे मी आत्याच्या मुठीत होते. मूठ इतकी घट्ट होती की मला फारसे काही दिसले नाही. उडीच्या आधी आत्याचा श्वास थांबला, ते कळले. मग पाते बर्फावर टेकल्याचा एकच सलग आवाज आला आणि मूठ सैल झाली. गाणे आणि भिंगरी एकदमच थांबली.

ती पाचवी आली. पुढच्या फेरीत चौघीच जाणार होत्या. घरी जाताना भिंगरी गाडीत मला मांडीवर घेऊन झोपली. झग्याचा एक मणी माझ्या खाचेत अडकला होता.

आता माझा जोडीदार नाही. तो तडकला आणि गेला. भिंगरी हल्ली मुलींना शिकवते. फाटकाजवळच्या खिळ्याला तिने मला टांगले आहे. मी खालून झिजले आहे, रंग विटला आहे. बर्फावर मी पुन्हा कधी गेले नाही. आता तशी इच्छाही नाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तू तुमच्यासाठी दारापर्यंत चालत येतात. त्यांना घाईत भिरकावू नका, ओल्या कोंबू नका. आणि तुमचे कोणी बर्फावर उतरत असेल, तर तेवढा वेळ फाटकापाशी उभे राहा. भिंगरी रोज सकाळी उभी असते. समोर मुलींची रांग असते. ती प्रत्येकीपुढे हात करते आणि दोनदा म्हणते, "आण... आण."