गप्प बदक

"प्रोग्रॅममध्ये टाइपडेफ लिहून आकड्याच्या प्रकाराला फक्त टोपणनाव मिळतं गं, आत इंट तो इंटच, साधा पूर्णांक," ऑफिसातले काका म्हणाले होते. "दोन टोपणनावांची सरमिसळ झाली तर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर चकार शब्द काढणार नाही. दोन्ही वेगवेगळ्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळ, म्हणजे चुकलीस तर तो अडवेल."

"काका, एकाचं नाव अंश, दुसऱ्याचं दशांश. यात कोण गोंधळेल?" असं म्हणून मी चहा आणायला गेले.

काम होतं बाळाच्या टबात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बदकाचं. पाणी अडतीस अंशांच्या वर गेलं की त्यानं ओरडायचं. त्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम माझा. चाचणी झाल्यावर मी मर्यादा आणखी काटेकोर केली, दशांशात, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागात: अडतीसचे तीनशे ऐंशी. पाण्याचं माप मात्र अंशातच राहिलं. उकळतं पाणीसुद्धा शंभर. बदकाच्या हिशेबी गारच. कंपायलर खरंच काही बोलला नाही.

नमुन्याची दोन बदकं मला मिळाली. एक घरी आणलं. दुसरं दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका बाईला दिलं. तिचं बाळ माझ्या मुलीएवढंच, आणि तीही माझ्यासारखी सारखा त्याचा श्वास बघत होती. म्हटलं, बिचारीची एक तरी काळजी मिटेल.

काल सासूबाईंनी मुलीच्या आंघोळीचं पाणी काढलं. बदक ओरडलं नाही म्हणून विसण घातलं नाही. टबातून वाफा येत होत्या.

"थांबा, मी बघते."

"अगं, बदक गप्प आहे ना! जगाला विकताय, आणि तुझाच भरवसा नाही?"

मी कोपर बुडवलं आणि किंचाळले. सासूबाईंनी मुलीला छातीशी धरलं आणि बदकाकडे, एरवी माझ्याकडे बघतात तसं बघितलं.

कोपर नळाखाली धरून मी काकांना फोन केला. "बोला आता, सांगितलं होतं म्हणून."

"ते राहू दे. दुसरं बदक कुठंय?"

तिचं नाव मी विचारलं नव्हतं. दवाखान्यात कुणाचा पत्ता देत नाहीत, बरोबरच आहे. कंपनी पुढच्या आठवड्यात बैठक घेणार आहे. बाळं तोवर आंघोळ करणारच.

बाईच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली आहे. बाळाच्या डाव्या कानामागे तीळ आहे. तुमच्या आसपास असं कुणी राहत असेल तर आजच बेल वाजवा. बदक गप्पच असेल. त्याला काही विचारू नका. बाळ कसं आहे, तेवढं बघून या.